मोठा आकडा आणि खरखर

मंडळी, घरच्या ध्वनिमुद्रणाचा ऑडिओ इंटरफेस घ्या. 2011चा स्कार्लेट 2आय2 सेकंदाला 96 हजारांपर्यंत नमुने घेई; 2016च्या दुसऱ्या पिढीत ते 1 लाख 92 हजार झाले. असाच आकडा पाहून मीही यंत्र बदललं. (कंपनी निराळी, मोह तोच.) वास्तविक माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेवढ्याला 44,100 नमुने पुरतात. माझ्या सत्तरीतल्या कानाचं तर विचारूच नका! आकडा वाढला म्हणजे गुण वाढला, हा तर्कदोष मी वर्गात आयुष्यभर दाखवला आणि दुकानात स्वतःच केला. अडचण होती गेनची. माझ्या डायनॅमिक मायक्रोफोनला साठेक डेसिबल गेन लागतो. जुन्या यंत्राचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की शब्दाआधी खरखर यायची. नवं घेताना गेनचा रकाना मी वाचलाच नाही. आजच्या मुद्रणातही खरखर ऐकू येईल.