जॉर्ज एलियटची इटली

नवराबायको परदेशीं हिंडावयास जातात, एकाच गाडींतून उतरतात, एकाच देवळांत शिरतात, एकाच चित्रासमोर उभीं राहतात; परंतु दोघांनीं पाहिलें तें एकच होतें काय, हा प्रश्न प्रवासवर्णनांत सहसा कोणी विचारीत नाहीं. तेथें 'आम्ही' हें सर्वनाम फार स्वस्त असतें. 'आम्ही' अमुक पाहिलें, 'आम्हांला' तमुक आवडलें असें लिहिलेलें असतें, आणि त्या एका शब्दाखालीं दोन मनें किती अंतरावर उभीं होतीं याचा वाचकाला पत्ताहि लागत नाहीं. इंग्रजी वाङ्मयांत हा प्रश्न ज्या लेखिकेनें फार खोल जाऊन विचारला ती जॉर्ज एलियट होय. मात्र तो तिनें आपल्या रोजनिशींत विचारला नाहीं, कादंबरींत विचारला.

जॉर्ज एलियट हें मेरी अॅन इव्हान्स या विदुषीचें टोपणनांव. तिचें आयुष्य व लेखन मिळून विचार केला, तर इटलींत गेलेलीं तीन जोडपीं आपल्यासमोर येतात. पहिलें ती स्वतः व जॉर्ज हेन्री लूइस यांचें, १८६० सालचें. दुसरें 'मिडलमार्च' कादंबरींतील डॉरोथिआ व कॅसॉबन यांचें. तिसरें ती व जॉन क्रॉस यांचें, १८८० सालचें. पहिल्या प्रवासाचें फळ म्हणजे 'रोमोला' ही कादंबरी, असें वाङ्मयाच्या इतिहासांत सांगितलेलें असतें, व तें खोटें नाहीं. परंतु आमच्या मतें त्या प्रवासाचें खरें पिकलेलें फळ 'मिडलमार्च'मधील रोमचीं प्रकरणें हेंच होय. आणि 'रोमोला' लिहितांना जो शीण झाला त्यावांचून तीं प्रकरणें तशीं उतरलीं नसतीं.

१८६० च्या मार्चमध्यें 'द मिल ऑन द फ्लॉस' ही कादंबरी हातावेगळी होतांच हें जोडपें इंग्लंडहून निघालें. 'जोडपें' हा शब्द येथें कायद्याच्या अर्थानें लागू पडत नाहीं. लूइसची पत्नी हयात होती. तिच्या वर्तनाकडे त्यानें पूर्वीं काणाडोळा केला असल्यामुळें तेव्हांच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें त्याला घटस्फोट मिळण्यासारखा नव्हता. १८५४ पासून तो व एलियट पतिपत्नीप्रमाणें एकत्र राहत होतीं. याचा भार मुख्यतः तिच्यावर पडला. लूइसला लोकांच्या घरचीं आमंत्रणें येत. तिला येत नसत. सख्खा भाऊ आयझॅक यानें तर १८५७ पासून तिच्याशीं पत्रव्यवहारहि सोडला होता. इटलींतील खाणावळींत मात्र या गोष्टी विचारणारें कोणी नव्हतें.

त्या वेळीं इटली हा एक देश झालेला नव्हता. ट्यूरिन व्हिक्टर इमॅन्युएलच्या, रोम पोपच्या, नेपल्स बूर्बों घराण्याच्या आणि व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होतें. ट्यूरिनच्या स्टेशनावर त्यांना खुद्द काव्हूरचें दर्शन घडलें. एप्रिलच्या आरंभीं तीं रोमला पोंचलीं. ईस्टरचे सोहळे आटोपल्यावर नेपल्स, पाँपेई व पेस्टम; मेच्या मध्यास फ्लॉरेन्स; जूनच्या आरंभीं व्हेनिस; आणि शेवटीं व्हेरोना व मिलान पाहून, आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंड, असा हा क्रम होता. १ जुलैस तीं घरीं परतलीं.

या प्रवासाच्या आठवणी तिनें लिहून ठेविल्या आहेत. त्यांतील बराच भाग क्रॉसनें १८८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या तिच्या चरित्रांत आला, व तिच्या रोजनिशा १९९८ सालीं केंब्रिज विद्यापीठानें छापून काढल्या. या आठवणींच्या आरंभींच ती कबूल करते कीं, आपण तात्कालिक सुखापेक्षां मनाच्या वाढीची आशा धरून या प्रवासाची वाट पाहत होतों. रोममध्यें शिरतांना तिची निराशा झाली, तीहि तिनें लपविलेली नाहीं. परंतु खरें बोलावयाचें तर हें लेखन रुक्ष आहे. देवळामागून देऊळ, चित्रामागून चित्र. प्रत्येकाविषयीं एक सावध, प्रामाणिक अभिप्राय. एखाद्या हुशार विद्यार्थिनीनें परीक्षेसाठीं वही भरावी तशी ही वही भरली आहे. शेलेच्या थडग्यापाशीं तिचें मन हालतें, तेव्हां वाचकाचेंहि हालतें. पण अशा जागा थोड्या.

फ्लॉरेन्समध्यें मात्र एक लहानसा प्रसंग घडला, आणि आमच्या दृष्टीनें साऱ्या प्रवासाचें मर्म त्यांत आहे. २१ मे रोजीं सकाळीं लूइस सॅव्होनारोलाविषयीं वाचीत होता. ज्यानें आपल्या प्रवचनांनीं हें शहर गदगदां हालविलें आणि ज्याला १४९८ सालीं याच शहराच्या चौकांत फांशीं देऊन जाळण्यांत आलें, तो हा धर्मोपदेशक. त्याच्या काळावर चांगली ऐतिहासिक कादंबरी होईल असें लूइसच्या मनांत आलें, व तिनें ती कल्पना मोठ्या उत्साहानें उचलली. सॅव्होनारोला ज्या सान मार्को मठांत राहत असे तो पाहावयास तीं दोघें गेलीं. त्या काळीं मठाच्या अंतर्भागांत स्त्रियांना मज्जाव होता. सभागृहांतील फ्रा आंजेलिकोचें क्रूसारोपणाचें भव्य भित्तिचित्र तेवढें तिला पाहतां आलें. आंतल्या कोठड्यांतील चित्रें पाहावयास लूइस एकटा गेला, आणि तिच्यासाठीं टिपणें करून बाहेर आला.

आज सान मार्को हें संग्रहालय आहे, व कोणाहि स्त्रीला त्या कोठड्या पाहतां येतात. पण त्या दिवशीं उंबरठ्याबाहेर थांबलेल्या त्या स्त्रीला जें मिळालें तें आंत गेलेल्या अनेकांना मिळत नसेल. तिला काय पाहावयाचें आहे हें ओळखून तिच्यासाठीं पाहणारा माणूस तिला मिळाला होता. लूइस मोठा विद्वान होता. गटेचें त्यानें लिहिलेलें चरित्र १८५५ मध्यें प्रसिद्ध झालें होतें. परंतु त्या दिवशीं त्यानें आपली विद्वत्ता तिला दाखविली नाहीं. आपले डोळे तिला वापरावयास दिले.

या टिपणांतून 'रोमोला' निघाली. १८६१ च्या उन्हाळ्यांत तीं दोघें पुन्हां फ्लॉरेन्सला गेलीं व महिनाभर त्यांनीं ग्रंथालयें आणि जुन्या गल्ल्या धुंडाळल्या. लंडनला परतल्यावर ब्रिटिश म्यूझिअममध्यें तेंच काम चालू राहिलें. वह्या भरत गेल्या. कादंबरी मात्र पुढें सरकेना. संशोधनाच्या ढिगाऱ्याखालीं ती गाडली जाते कीं काय अशी लूइसलाच काळजी वाटूं लागली. अखेर जुलै १८६२ पासून ऑगस्ट १८६३ पर्यंत ती 'कॉर्नहिल' मासिकांतून क्रमशः आली. तिच्याबद्दल ७,००० पौंड मिळाले, पण ही कादंबरी आपण तरुणपणीं आरंभिली व म्हातारपणीं संपविली, अशा अर्थाचे उद्गार तिनें पुढें काढल्याचें क्रॉस सांगतो.

'रोमोला'ला कमी लेखावें असें आम्हांस वाटत नाहीं. एकेका लहानशा सोयीसाठीं एकेक पायरी उतरत जाणारा टीटो मेलेमा हा इंग्रजी कादंबरींतील अत्यंत बारकाईनें पाहिलेल्या माणसांपैकीं एक आहे. परंतु त्याच्या भोंवतालचें शहर जिवंत होत नाहीं. बाजार, न्हाव्याचें दुकान, मिरवणुकी, पोषाख, म्हणी, सारें जागच्या जागीं आहे. आणि तरी वाचकाला आपण तेथें हिंडलों असें न वाटतां आपल्याला तें शिकविलें गेलें असें वाटतें. अभ्यास पुरा झाला आणि दृष्टि मागें राहिली. ज्या प्रेमानें सान मार्कोंतलीं टिपणें केलीं गेलीं होतीं, तें प्रेम टिपणांच्या संख्येखालीं दबून गेलें.

यानंतर सुमारें नऊ वर्षांनीं, १८७१-७२ मध्यें, 'मिडलमार्च' प्रसिद्ध झाली. डॉरोथिआ ही उदात्त कांहीं तरी करूं पाहणारी तरुण मुलगी. कॅसॉबन या वयस्क पंडिताशीं तिनें आपखुषीनें विवाह केला, कारण त्याच्या विद्येंतून आपल्यालाहि ज्ञानाचा मार्ग दिसेल अशी तिची श्रद्धा होती. विवाहानंतर दोघें रोमला जातात. कादंबरीच्या विसाव्या प्रकरणाच्या आरंभीं ही नववधू व्हिया सिस्टिना रस्त्यावरील सुंदर बिऱ्हाडांत एकटी बसून हुंदके देत आहे. पति व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत गेला आहे. सर्व पुराणकथांची एकच किल्ली शोधून काढण्याचा त्याचा ग्रंथ अनेक वर्षें चालला आहे, व तो कधींच पुरा व्हावयाचा नाहीं.

या प्रकरणांत रोमचें वर्णन म्हणावें तर थोडेंच आहे, पण 'रोमोला'च्या साऱ्या पानांत फ्लॉरेन्स जितकें दिसत नाहीं तितकें येथें रोम दिसतें. कारण येथें शहर एका दुखावलेल्या मनावर आदळत आहे. भग्नावशेष, पुतळे, सोनेरी छतें, सेंट पीटरच्या देवळांत नाताळानिमित्त टांगलेलीं लाल वस्त्रें, या सर्वांचा एकच गोंधळ तिच्या डोळ्यांत उतरतो. पुढें आयुष्यभर उदासीनतेच्या क्षणीं हीं चित्रें तिला पुन्हां दिसत राहिलीं, असें लेखिका सांगते. लाल वस्त्रांचा तो रंग तर डोळ्यांच्या दुखण्यासारखा सर्वत्र पसरलेला तिला दिसे.

आणि याच प्रकरणांत तो प्रश्न येतो. कॅसॉबन मोठ्या सौजन्यानें पत्नीला विचारतो कीं, राफाएलचीं भित्तिचित्रें असलेल्या फार्नेसिना प्रासादाला जावयाचें काय. बहुतेक लोक तीं पाहण्याजोगीं समजतात. डॉरोथिआ उलट विचारते कीं, तुम्हांला स्वतःला तीं आवडतात काय? यावर कॅसॉबन सांगतो कीं, त्यांची ख्याति मोठी आहे. त्यांतील क्युपिड व सायकी यांची कथा मात्र अस्सल पुराणकथा नसून मागाहून रचलेली असावी. तथापि तीं पाहिलीं म्हणजे राफाएलचीं मुख्य कामें पाहून झालीं असें होईल. या उत्तरांत एकहि शब्द कठोर नाहीं. सारें शिष्टाचाराला धरून आहे. पण पत्नीनें आवड विचारली होती, आणि पतीनें माहिती दिली. विवाह कोठें मोडतो हें दाखवावयास एलियटला भांडण लागलें नाहीं, व्यभिचार लागला नाहीं. एवढें संभाषण पुरलें.

येथें एखादी सामान्य लेखिका कॅसॉबनला खलपुरुष करून मोकळी झाली असती. एलियट तसें करीत नाहीं. पुढें एके ठिकाणीं ती मध्येंच थांबून विचारते कीं, प्रत्येक वेळीं डॉरोथिआच्याच बाजूनें कां पाहावें? आणि मग त्या शुष्क पंडिताच्या अंतरांतील भीति ती उघड करते. आपला ग्रंथ निष्फळ ठरेल, आपल्याला कोणी ओळखून काढील, ही ती भीति. ही सहानुभूति तिला कोठून आली? कॅसॉबन कोणावरून रेखाटला असें एकानें विचारलें असतां तिनें स्वतःच्या हृदयाकडे बोट दाखविलें, अशी एक आठवण प्रसिद्ध आहे. लोक हा विनोद समजतात. आम्हांस तो निव्वळ विनोद वाटत नाहीं. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांत वह्या भरीत बसलेली, ग्रंथ पुरा होईल कीं नाहीं या चिंतेनें खचलेली ती स्त्री कॅसॉबनला आंतून ओळखीत होती. रोमचीं हीं प्रकरणें म्हणजे 'रोमोला'च्या लेखिकेनें स्वतःवर केलेली टीकाच होय. आणि इतकी निर्भीड टीका तिच्यावर दुसऱ्या कोणीं केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

तिसऱ्या प्रवासाविषयीं संयमानेंच बोलणें योग्य. नोव्हेंबर १८७८ मध्यें लूइस वारला. ६ मे १८८० रोजीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, एलियटनें चाळीस वर्षांच्या जॉन क्रॉसशीं विवाह केला. आयझॅकचें अभिनंदनाचें पत्र आलें; तेवीस वर्षांचें मौन या कायदेशीर विधीनें संपलें. नवीन जोडपें इटलीला गेलें. १६ जूनला व्हेनिसमध्यें मनाचा तोल जाऊन क्रॉसनें हॉटेलच्या सज्जांतून मोठ्या कालव्यांत उडी घेतली. नावाड्यांनीं त्याला वांचविलें. क्रॉसनें लिहिलेल्या चरित्रांत या उडीचा उल्लेख नाहीं; तेथें वाईट हवा व व्यायामाचा अभाव यांनीं आलेलें आजारपण तेवढें आहे. डिसेंबरच्या २२ तारखेस एलियट वारली. क्रॉस मात्र १९२४ पर्यंत जगला.

वयांतील अंतर, नवा विवाह, इटली, या साम्यांवरून या प्रसंगाचा व 'मिडलमार्च'चा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. कादंबरी आठ वर्षें आधींची आहे, आणि दुसऱ्याच्या मनोव्यथेचें कोडें आपल्या साहित्यिक सोयीसाठीं सोडविण्याचा अधिकार टीकाकाराला नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, समाजानें ज्या सहवासाला विवाह म्हणावयाचें नाकारलें त्यांत तिला सोबत मिळाली होती, आणि ज्या विवाहाला समाजानें मान डोलविली त्याच्या पहिल्याच प्रवासांत पति शेजारीं असूनहि तिच्या नजरेच्या पलीकडे निघून गेला होता. विवाहाचा विधि सोबतीची हमी देत नाहीं, हें कॅसॉबनच्या कथेंत तिनें आधींच लिहून ठेविलें होतें.

इटलीचीं प्रवासवर्णनें आपल्याकडे यापुढेंहि येत राहतील, आणि तीं आपण आवडीनें वाचूं. त्यांत कोणतें चित्र कोणत्या प्रासादांत आहे हें बिनचूक असेल तर चांगलेंच. परंतु एलियटच्या या प्रकरणांशीं परिचय झालेला वाचक त्यांतील 'आम्ही' या शब्दापाशीं क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाहीं. तो डॉरोथिआचाच प्रश्न लेखकाला विचारील कीं, हें सारें पाहण्याजोगें आहे हें समजलें. पण तुम्हांला स्वतःला तें आवडलें काय, आणि तुमच्या सोबतीला काय आवडलें हें तुम्ही विचारलेंत काय?