‘सुरक्षित’ रंगांनी आम्हाला काय शिकवलं?

मंडळी, आज एका जुन्या नियमाची तपासणी करू. नियम ‘वेब-सेफ’ रंगांचा. आम्ही वेबसाठी चित्रं करणाऱ्यांनी तो अनेक वर्षं पाळला, म्हणून तपासणी आमचीही आहे.

1990च्या दशकात कितीतरी संगणकांचा पडदा एका वेळी फक्त 256 रंग दाखवू शके. त्यातले काही रंग विंडोज आणि मॅक आपापल्यासाठी राखून ठेवत, आणि ते दोघांचे वेगळे. म्हणून लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी 6 पायऱ्या धरल्या: 0, 51, 102, 153, 204, 255. सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे 216 रंग. याबाहेरचा रंग आला की ब्राउझर जवळच्या रंगांचे ठिपके टाकून वेळ भागवायचा. सपाट पट्टी रवाळ दिसायची.

नियम खोटा नव्हता. ठिपके पडणार नाहीत, एवढीच त्याची हमी होती. आम्ही मात्र समजलो की रंग सगळीकडे सारखाच दिसेल. तसं होत नव्हतं, बघा. मॅकचा गॅमा 1.8, विंडोजचा साधारण 2.2, एकच राखाडी मॅकवर उजळ, विंडोजवर गडद. मॅकने 2.2 स्वीकारला तो 2009 मध्ये. त्याआधी 2000 साली डेव्हिड लेन आणि हॅडली स्टर्न यांनी 16 बिटांच्या पडद्यांवरही हे रंग तपासले, तेव्हा 216 पैकी जेमतेम 22 खरे सुरक्षित ठरले.

‘सारखंच दिसलं पाहिजे’ हा हट्ट रंगांपाशी थांबला नाही. मराठीत वाचकाकडे आपला फॉन्ट असेलच याची खात्री नसायची. मग आम्ही मथळ्यांचीच जिफ चित्रं केली. जोडाक्षर कुठेही मोडलं नाही, पण शोधयंत्राला मथळा सापडेना, दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तो वाचेना. पडदे सारखे झाले आणि काही वाचक बाहेर राहिले.

म्हणून कसोटी बदलायला हवी. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. चित्राला पर्यायी मजकूर द्या. आकृत्या एसव्हीजीत करा, छायाचित्रं एसआरजीबीत ठेवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान 4.5:1 असू द्या. रंग थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल. वाचणारा अडता कामा नये.