अचाट बळाचं वजन

अहेरीच्या मुलांना तेलुगू सिनेमाची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागतं. अहेरी-सिरोंच्याच्या पट्ट्यात कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते. मराठी, माडिया आणि मुलचेऱ्याकडची बंगाली यांच्या शेजारी ती सहज नांदते. त्यामुळे इथला पोरगा एकाच संध्याकाळी हैदराबादचा अचाट नायक, हिंदीत बोलणारा हॉलिवूडचा सुपरहिरो आणि मराठी वाहिनीवरचा देव, असे तिघेही एकाच मोबाइलवर पाहतो. तुलना आपोआप होते, आणि तिच्यात मराठी मालिका बहुतेक वेळा हरते. पैसा कमी पडतो, हे त्यावरचं तयार उत्तर आहे. ते मला अर्धवट वाटतं, आणि त्याच्या आड लपून आपण एक जुनी, कमावलेली कला हातची घालवत आहोत असंही वाटतं.

प्रेक्षकाला नेमकं काय हवं असतं? 'ग्राफिक्स भारी होतं' किंवा 'ग्राफिक्स फालतू होतं' असं तो म्हणतो खरा. पण थोडं खोदून विचारलं की तक्रार निराळी निघते. उडणाऱ्या माणसाला वजन नाही. त्याने जमिनीवर पाय टेकला तर धूळ उडत नाही, सावली पायाला चिकटत नाही. मागचा डोंगर एका उन्हात आणि माणूस दुसऱ्याच उन्हात. राक्षस नायकाला फेकतो आणि नायक भिंतीवर आदळतो, पण पुढच्या शॉटमध्ये भिंतही शाबूत आणि नायकाचा मुकुटही जागच्या जागी. या तक्रारी तंत्राच्या वाटतात. खरं तर त्या न्यायाच्या आहेत. जे घडलं त्याचा परिणाम दिसला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी आहे.

१९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली तेव्हा ही मागणी आजच्यापेक्षा कमी नव्हती. मुकेश खन्नांचा शक्तिमान गरगर फिरत यायचा, क्रोमावर कापलेल्या त्याच्या कडा स्पष्ट दिसायच्या, आकाशातून जाताना तो चिकटवल्यासारखा वाटायचा. तरीही मालिका २००५ पर्यंत चालली. मुलं भोळी होती म्हणून चालली, असं म्हणणं मुलांचा अपमान आहे. मालिकेचे नियम पक्के होते. बावळट दिसणारा पंडित गंगाधर आणि शक्तिमान एकच आहेत हे आपल्याला ठाऊक आणि गीता विश्वासला ठाऊक नाही, या एका गाठीवर किती भाग तोलून धरले होते! शक्ती साधनेतून आली होती आणि तिला मर्यादा होत्या. चित्र कच्चं होतं, पण चित्रामागचा हिशेब पक्का होता.

हा हिशेब मराठी माणसाने फार आधी शिकून घेतला होता. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत, आपलंच आडनाव उलटं फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नावाने. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून दाखवली होती. काळाला मुठीत धरण्याची ती पहिली युक्ती. पुढे १९१७ चं 'लंकादहन' आणि १९१९ चं 'कालिया मर्दन' आलं. कालिया मर्दनातला कृष्ण त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केला होता. त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच फाळके तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव दाखवतात, आणि मग तीच मुलगी कृष्ण होऊन डोहात उतरते. आधी माणूस ओळखीचा करून द्यायचा, मग चमत्कार करायचा, हा क्रम त्यांना कळला होता.

प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) ही समज सर्वांत उंचीवर पोचली, असं माझं मत आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी शेवटी तुकोबांना गरुडाच्या विमानातून वैकुंठाला नेलं आहे. आजच्या नजरेला ते विमान साधं आहे, खेळण्यातलं म्हणावं इतकं साधं. पण त्याआधीचा सगळा वेळ सिनेमाने संसारात घालवला आहे. उपाशी पोरं, म्हैस, गावची चेष्टा, आणि गौरीबाईंनी उभी केलेली ती तोंडाळ, कष्टाळू, खरीखुरी जिजाई. विमान वर जातं तेव्हा आपलं लक्ष आकाशापेक्षा खाली राहिलेल्या बाईकडे जातं. उड्डाणाला वजन येतं ते तिच्यामुळे. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला हे आपण अभिमानाने सांगतो. त्यातला चमत्काराचा धडा मात्र आपल्या मालिकांनी गिरवलेला दिसत नाही.

मधल्या काळात महेश कोठारे यांनी हा धागा वेगळ्या पद्धतीने सांभाळला. १९९० चा 'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात बाटलीतला गंगाराम होता. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू तर आजही मुलांना घाबरवतो. कल्पना परदेशी चित्रपटावरून सुचलेली असेल, पण रामदास पाध्ये यांची बाहुली सेटवर प्रत्यक्ष होती. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर पडणारा उजेडच तिच्यावर पडत होता, आणि बेर्डे समोर खरोखर असलेल्या वस्तूकडे बघून भेदरत होते. रिकाम्या हिरव्या पडद्याकडे बघून घाबरणं नटासाठी फार अवघड असतं. नजर कुठे थांबवायची हेच कळत नाही, आणि पडद्यावर ती चुकलेली नजर लगेच दिसते.

कोठारे यांच्याच संस्थेने २०१४ ते २०१७ या काळात झी मराठीवर 'जय मल्हार' आणली. तिचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. देवदत्त नागे यांचा खंडोबा घराघरांत पोचला, आणि मराठी दैनंदिन मालिकेत एवढ्या प्रमाणात दृश्यपरिणाम वापरण्याचं धाडस तिने केलं. नंतर 'विठू माऊली' आणि 'दख्खनचा राजा जोतिबा' आल्या. पण या सगळ्या प्रकारात एक दोष मुरत गेला. चमत्कार रोजचा झाला. वीज, ज्वाळा, सोनेरी झोत, हातातून निघणारा किरण, आणि त्यानंतर पाच जणांच्या चेहऱ्यांवर कॅमेऱ्याची झेप. परिणामाचा परिणाम होईनासा झाला.

याचं कारण कलाकारांच्या अकौशल्यात शोधू नये. गणित करून बघा. आठवड्याला सहा भाग आणि प्रत्येक भागात सुमारे बावीस मिनिटांचा मजकूर धरला तर एकशेबत्तीस मिनिटं होतात. म्हणजे दर आठवड्याला एका पूर्ण चित्रपटाएवढं काम. एका साध्या क्रोमा शॉटमध्येही केसांच्या कडा नीट कापाव्या लागतात, अंगावर पडलेली हिरवी झाक काढावी लागते, पार्श्वभूमीचा उजेड जुळवावा लागतो, कॅमेरा हलला असेल तर त्याची चाल मोजून मागचं चित्र तसंच हलवावं लागतं, आणि शेवटी पायाखालची सावली रंगवावी लागते. ही शेवटची पायरी सगळ्यांत स्वस्त आणि वेळ कमी पडला की सगळ्यांत आधी गाळली जाणारी. त्यामुळे देव जमिनीपासून बोटभर वर तरंगताना दिसतो. त्यात देवपण नाही, घाई आहे.

पैशाने हे सुटत नाही, याचा पुरावाही मराठी दिग्दर्शकानेच दिला. 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी' करणाऱ्या ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष'ची झलक ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत दाखवली गेली, आणि देशभरातून दृश्यपरिणामांवर टीकेचा भडिमार झाला. जानेवारी २०२३ चं प्रदर्शन पुढे ढकलून १६ जूनला केलं गेलं. खर्च शेकडो कोटींचा होता. तरीही लोकांना त्या लंकेत राहावंसं वाटलं नाही आणि तिचा नाश झाल्यावर काही गमावल्यासारखंही वाटलं नाही. त्यानंतर सातच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, प्रशांत वर्मा यांचा तेलुगू 'हनु-मान' आला, तुलनेने फारच थोड्या खर्चात. एका गावातला उनाड पोरगा, त्याची बहीण, गावची पेठ, आणि पोराला अवचित मिळालेली शक्ती. प्राणहितेच्या अलीकडच्या प्रेक्षकाने तो आपलासा केला असेल तर नवल नाही. गाव आधी खरं झालं होतं. केरळच्या 'मिन्नल मुरली'ने (२०२१) हेच एका शिंप्याला नायक करून दाखवलं होतं.

चाहत्यांच्या रागाबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. अमेरिकेत २०२२ साली मार्व्हलच्या 'शी-हल्क' मालिकेची झलक आली तेव्हा तिच्या हिरव्या नायिकेच्या चेहऱ्यावरून जगभर खिल्ली उडाली. ती खिल्ली झेलली कुणी? रात्र रात्र जागून शॉट बदलणाऱ्यांनी. शेवटच्या आठवड्यात निर्मात्यांचं मत फिरतं आणि आधी मंजूर झालेलं काम परत सुरू होतं, अशी या कारागिरांची जुनी तक्रार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या दृश्यपरिणाम विभागातल्या कामगारांनी एकमताने संघटना करण्याचा कौल दिला. हा विषय आपल्यापासून दूर नाही. जगातल्या मोठमोठ्या चित्रपटांचं कडा कापण्याचं, तारा पुसण्याचं काम मुंबईत होतं, आणि त्या खुर्च्यांवर कितीतरी मराठी मुलं-मुली बसलेल्या असतात. हॉलिवूडचा सुपरहिरो उत्तम उडतो तेव्हा त्यात त्यांचाही हात असतो. तेव्हा मराठी मालिकेतला देव नीट उडत नाही तो हातांच्या अभावी नव्हे, वेळापत्रकामुळे. राग धरायचा तर तो प्रसारणाच्या तारखेवर धरावा.

आमच्या जिल्ह्यात असा हिशेबी प्रेक्षक घडवणारी एक जुनी शाळा आहे: झाडीपट्टी रंगभूमी. वडसा-देसाईगंज हे तिचं माहेर. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की रात्रभर नाटकं चालतात, ती थेट होळीपर्यंत. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना ही रंगभूमी नव्याने कळली. इथे नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये काच नाही. रंगवलेला पडदा रंगवलेलाच आहे हे सगळ्यांना दिसतं आणि कुणाची हरकत नसते. पण बापाच्या मरणावर मुलगा खोटं रडला तर पहाटे तीन वाजतासुद्धा मंडपातून आवाज येतो. असा प्रेक्षक मोबाइलवर मालिका पाहतो तेव्हा त्याची मागणी बदलत नाही. त्याला न पटलेला पडदा चालतो. न पटलेला प्रसंग चालत नाही.

म्हणून मला वाटतं, मराठीतली पहिली खरी सुपरहिरो मालिका अहेरीतून निघू शकते. नायक शोधायला लांब जायला नको. बाबुराव शेडमाके अहेरीजवळच्या किष्टापूरचे. १८५८ मध्ये जंगोम सेना घेऊन ते इंग्रजांशी लढले, टेलिग्राफच्या छावणीवर चालून गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने ते पकडले गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. त्या आवारातल्या पिंपळाखाली लोक दरवर्षी जमतात. इतिहास इथे थांबतो. लोकांच्या कथा पुढे जातात आणि बाबुरावांच्या अंगी माणसापलीकडचं बळ होतं असं सांगतात. इतिहास आणि आख्यायिका यांच्यातली ही सीमा मालिकेने पुसू नये, तिच्यावरच उभं राहावं. एका भागात इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालातले बाबुराव, दुसऱ्यात रात्री शेकोटीजवळ सांगितलेले बाबुराव. अचाट प्रसंग फक्त शेकोटीच्या बाजूला. मग कथा सांगणाऱ्याचा चेहरा, त्याची भाषा, ऐकणाऱ्या पोरांचे डोळे, हे सगळं त्या बळाचं वजन होईल. ही मालिका माडिया-गोंडी बोलणाऱ्यांना लिहिण्याच्या टेबलावर बसवल्याशिवाय मात्र करू नये. नायक त्यांचा आहे.

भाग सहा किंवा आठ पुरेत. पूर्ण लिहून झाल्याशिवाय चित्रीकरण नको, आणि संकलन पक्कं झाल्याशिवाय एकही शॉट संगणकावर नको. निम्मी उधळपट्टी तिथेच थांबते. चित्रीकरण स्टुडिओत न करता इथल्या सागाच्या रानात करावं. रानात क्रोमा लावणं कठीण: हिरव्यावर हिरवं, आणि पानापानांतून सांडणारा उन्हाचा ठिपका सेकंदागणिक जागा बदलतो. म्हणून युक्ती जमेल तितकी कॅमेऱ्यासमोरच करावी. दोरी, तोल, माती, धूर, आणि फेकला जाणारा खराखुरा माणूस. संगणकाने फक्त दोरी पुसावी. ऋतूही हिशेबात घ्यावा. उन्हाळ्यात सागाची पानं गळालेली असतात, रान उघडं पडतं, आणि जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर असतो. अशा जमिनीवर उंचावरून उतरलेला माणूस आवाज केल्याशिवाय राहत नाही. तो आवाज मुंबईत बसून तयार करू नये, इथेच ध्वनिमुद्रित करून न्यावा.