छेदात गेलेला खप

सुहास पाटणकर मूळचे पुण्याचे. १९६२ साली ते इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, मेकॅनिकलचे पदवीधर झाले. पुढे आयआयटी मुंबई, मग लंडनचं इम्पीरियल कॉलेज. तिथले गुरू स्पॉल्डिंग यांच्यासह १९७२ मध्ये त्यांनी प्रवाहातल्या दाबाची आणि वेगाची सांगड घालणारी ‘सिम्पल’ पद्धत मांडली. तिचं कौतुक जगभर झालं. मला मात्र ‘न्यूमरिकल हीट ट्रान्सफर अँड फ्लुइड फ्लो’ या त्यांच्या १९८० सालच्या पुस्तकातली एक छोटी जागा जास्त भुरळ घालते.

मूळ पद्धत अशी: प्रवाहाचे बारीक कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्याचा जमाखर्च मांडायचा: शेजारून किती आलं, किती गेलं, आतल्या आत किती तयार झालं किंवा संपलं. उष्णता असो, वेग असो की एखादं रसायन, समीकरणाचा साचा एकच; ते फेऱ्याफेऱ्यांनी, जुन्या उत्तरावरून नवं काढत सोडवायचं. रासायनिक क्रिया आली की घोळ होतो तो शेवटच्या रकान्यात. समजा, कप्प्यातल्या नव्या प्रमाणाचा गुणक १०, शेजारून येणारी जमा २ आणि मागच्या फेरीतलं इंधनाचं प्रमाण ०.२, त्यावरून खप निघाला ५. सरळ वजा करून भागलं, तर नवं प्रमाण उणे ०.३. उणे इंधन जगात नसतं. पण हा आकडा शेजारच्या कप्प्यांत शिरतो आणि सगळं गणित बिघडवतो.

त्या छोट्या जागेत पाटणकर खपाला जुन्या प्रमाणाने भागतात आणि नव्या, अजून न सापडलेल्या प्रमाणाने गुणतात. पाचाला ०.२ ने भागलं की २५. हे २५ गुणकात मिळतात आणि २ भागिले ३५, म्हणजे सुमारे ०.०५७, असं उत्तर येतं. खप अंशातून उठून छेदात गेला! छेद कितीही फुगो, अपूर्णांक लहान होईल, उणे होणार नाही. फेऱ्या संपून जुनं-नवं प्रमाण एक झालं की मूळ समीकरण जसंच्या तसं हाती येतं. उणे आलं तर शून्य धरा, अशी ठिगळं लावावीच लागत नाहीत. पदार्थाचा स्वभाव बीजगणिताच्या रचनेतच उतरतो, आणि याला मी सौंदर्य म्हणतो.

एक उणीव आहे. फेऱ्या न करता काळाची एकेक पायरी पुढे जाताना ही युक्ती वापरली, तर एका रसायनाची घट आणि दुसऱ्याची वाढ तंतोतंत जुळत नाही. २००३ मध्ये बुर्खार्ड आणि सहकाऱ्यांनी ती दुरुस्त केली. त्या घराण्यातल्या पद्धतींना आजही पाटणकरांचंच नाव आहे.

पुण्यातल्याच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) विवेक रानडे यांचं रासायनिक भट्ट्यांतल्या प्रवाहांवरचं पुस्तक २००२ मध्ये आलं, तेही वाचण्याजोगं. पण विद्यार्थ्यांनो, तयार सॉफ्टवेअर उघडण्याआधी पाटणकरांचं तिसरं आणि सातवं प्रकरण कागद-पेन्सिल घेऊन वाचा.