पैसा रोगामागे जातो, आयुष्यामागे नाही

मंडळी, बाहेर फलकावर आजचा विषय वाचून आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, हा विषय मुंबई-पुण्याचा. मोझरीत काहून काढता? आपल्याकडे तसं कोणी नाही." आजचं आमचं बोलणं त्यांच्या या शेवटच्या वाक्याबद्दलच आहे. आपल्याकडे कोणी नाही, हे त्यांना कळलं कसं?

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' नावाचं प्रमाण मानतात. वस्तू आढळत नाही, म्हणून ती तिथे नाही असं ज्ञान होणं. पण त्याला एक अट आहे. घडा असता तर तो दिसलाच असता, एवढा उजेड तिथे असायला हवा. अंधाऱ्या खोलीत डोकावून "घडा नाही" म्हणता येत नाही. फार तर "मला दिसला नाही" म्हणता येतं. समलिंगी स्त्री-पुरुषांचं मन, त्यांचं घर, त्यांचं म्हातारपण यांविषयी आपण अंधाऱ्या खोलीत उभं राहून निकाल देतो आहोत. उजेड करायला तेल लागतं. संशोधनाचं तेल म्हणजे पैसा.

तेल पडलं की काय होतं याचा एक दाखला. एव्हलिन हूकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1953 साली तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदान मागितलं. तोवर समलिंगी माणसांचे अभ्यास व्हायचे ते मनोरुग्णालयांत आणि तुरुंगांत. रुग्णच तपासले तर रोगच दिसणार, नाही का? हूकरबाईंनी उपचार घेत नसलेले 30 समलिंगी पुरुष आणि 30 इतर पुरुष घेतले, त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या, आणि निकाल नावं झाकून तीन नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण समलिंगी आणि कोण नाही, हे त्यांना ओळखता आलं नाही. 1957 साली तो अभ्यास छापून आला. पुढे 1973 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यामागच्या पुराव्यांत हा एक मोठा पुरावा होता. एका सरकारी अनुदानाचं हे फळ.

आपल्याकडे काय झालं? पैसा आला, पण एचआयव्हीच्या वाटेनं. 1992 साली 'नाको', म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, स्थापन झाली. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष हा तिच्या लेखी 'जोखमीचा गट' ठरला. मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांचं काम त्यातून वाढलं, जीव वाचले. ते उणं लेखण्याचं पाप आम्ही करणार नाही. आक्षेप वेगळा आहे. ज्या खात्यातून पैसा येतो, त्या खात्याचाच प्रश्न संशोधक विचारतो. निरोध वापरता का, तपासणी केली का, एवढं विचारलं गेलं. रात्री झोप लागते का, आईशी बोलणं होतं का, लग्नाला 'हो' का म्हणालात, हे फारसं कोणी विचारलं नाही. आणि स्त्रिया? बाईवर प्रेम करणारी बाई जोखमीच्या गटात बसतच नाही. म्हणजे तिला रोग नाही, हाच तिचा अपराध झाला! ती यादीतून गळली आणि ज्ञानातूनही गळली.

चांगलं काम झालंच नाही, असं नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या केतकी रानडे यांनी समलिंगी पुरुषांना 'बदलण्याच्या' उपचारांबद्दल पश्चिम भारतातल्या डॉक्टरांचा अभ्यास केला. तो 2009 साली आला. पण फेलोशिप कोणाची, तर पॉप्युलेशन कौन्सिलची, आरोग्य आणि लोकसंख्या या सदराखालची. भारतात समलिंगी म्हणून वाढणं म्हणजे काय, यावरचं रानडे यांचं पुस्तक 2018 चं. त्याच्या शीर्षकातच 'अर्बन' हा शब्द आहे. हा लेखकाचा प्रामाणिकपणा झाला. प्रश्न आपल्याला आहे, की तिवसा आणि दर्यापूरवरचं पुस्तक कोणी लिहायचं?

त्याच वर्षी, 6 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं कलम 377 चा फास काढला. गुन्हा गेला, पण संशोधनाची तिजोरी त्या निकालानं उघडली नाही. उलट 2020 च्या दुरुस्तीनं परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळती करायला बंदी झाली. मोठ्या शहरातल्या संस्थेकडून जिल्ह्यातल्या लहान संस्थेकडे जी ओल झिरपायची, ती वाट बुजली.

आता आमच्या घरचं सांगतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. एका विद्यापीठाच्या संशोधन समितीवर आम्ही बसत होतो. एका मुलीनं विषय मांडला, एकत्र राहणाऱ्या दोन स्त्रियांचं भावविश्व. आम्ही तिला विचारलं, "नमुना किती मिळेल? उपयोग काय?" कोणी दरडावलं नाही, सगळं सभ्यपणे झालं. पुढच्या बैठकीला ती किशोरवयीन मुलींच्या अभ्यासाच्या सवयींवर विषय घेऊन आली. आम्ही तो मंजूर केला, चहा घेतला. दिवा विझवणाऱ्यांत आम्हीही होतो.

म्हणून सांगतो, वाट अगदीच बंद नाही. मानसशास्त्रात नेट देऊन जेआरएफ मिळाली, तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही पीएच.डी.च्या फेलोशिप आहेत. हा पैसा विद्यार्थ्यामागे येतो. विषय कोणता घ्यायचा, हे तो देणारा ठरवत नाही. तिथे अडवणारा दरवाजा दिल्लीत नसतो, मार्गदर्शकाच्या खोलीला असतो. शिक्षकांसाठी आयसीएसएसआर आहे. बाहेरचं उदाहरण हवं असेल, तर वेन प्लासेक या गृहस्थांनी आपली मिळकत अमेरिकन सायकॉलॉजिकल फाउंडेशनला दिली. तिच्यातून याच विषयावरच्या संशोधनाला अनुदान मिळू लागलं.

आणि लागतं तरी किती? यंत्रसामग्री नको. एसटीचं भाडं, गावापासून दूर बोलायला एखादी खोली, वऱ्हाडी बोली जशीच्या तशी उतरवणारा माणूस, इंग्रजी चाचण्या मराठीत आणून इथल्या माणसांवर तपासण्याचा खर्च, आणि बोलता बोलता कोणी कोसळलं तर आधार देणारा समुपदेशक. लहान गावात संमतिपत्रावरची सही घात करू शकते. म्हणून नावाशिवाय संमती नोंदवण्याची सोयही हवी. या गोष्टी मोठ्या प्रकल्पांच्या नमुना-अर्जात बसत नाहीत, त्यांना लहान आणि लवकर मिळणारं अनुदान लागतं.

ते आपण देऊ शकतो. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' 1927 पासून 1953 पर्यंत पदरमोड करून चालवलं, लोकांना लाज वाटणाऱ्या प्रश्नांना उत्तरं दिली. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा बांधल्या. वऱ्हाडाला वर्गणी कशी काढावी हे शिकवावं लागत नाही, फक्त कशासाठी काढायची ते नव्यानं ठरवावं लागेल. निवृत्त प्राध्यापकांनी पेन्शनमधून थोडं थोडं बाजूला काढलं, तरी वर्षाला एका विद्यार्थिनीचं क्षेत्रकाम निघेल. आमचा वाटा आम्ही आजच कबूल करतो. त्या मुलीचं देणं आमच्यावर आहे.

महाराजांनी या आश्रमातून आयुष्यभर गावाचा विचार सांगितला. ही माणसंही गावातच जन्मतात, इथल्याच प्रार्थनेला आपल्या शेजारी बसतात. स्नेह्यांना आमचं एवढंच सांगणं आहे, की "आपल्याकडे कोणी नाही" असं म्हणू नका. "आम्ही अजून पाहिलं नाही" एवढंच म्हणा. ते खरं आहे, आणि संशोधन तिथूनच सुरू होतं.