विलंबाची नीती : टपालाने येणारा चित्रपट आणि नंदुरबारची प्रतीक्षा

प्रास्ताविक

कलाकृतीची समीक्षा करताना आशय, अभिव्यक्ती, तंत्र आणि आस्वाद या अंगांचा विचार केला जातो. ती कलाकृती रसिकापर्यंत किती दिवसांनी पोहोचली, हा प्रश्न मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. पोहोचण्यास लागणारा वेळ ही वाहतुकीची वा व्यापाराची बाब आहे, अशी यामागील समजूत असते. चित्रपटाच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. चित्रपट हा समूहाच्या चर्चेत जगणारा कलाप्रकार आहे. शहरात ज्याची चर्चा ओसरली तो चित्रपट तालुक्याच्या गावी पोहोचतो, तेव्हा त्याचा प्रेक्षक एका संपलेल्या संवादात सामील होत असतो. म्हणून कोणाला आधी मिळावे आणि कोणी थांबावे, हे ठरविणारी व्यवस्था हीदेखील समीक्षेचा विषय होय.

या दृष्टीने प्रस्तुत लेखात दोन परस्परविरोधी उदाहरणांचा विचार केला आहे. पहिले उदाहरण अमेरिकेतील नेटफ्लिक्स या कंपनीच्या टपालाद्वारे चित्रपट भाड्याने देणाऱ्या सेवेचे आहे. तेथे सेवा होती, पण काही ग्राहकांसाठी ती मंदावत गेली. दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या वायव्य टोकावरील नंदुरबार जिल्ह्याचे आहे. तेथे अशी सेवा मंदावण्याचा प्रश्नच आला नाही, कारण ती तेथवर आलीच नाही. विलंब हा स्वतः अन्याय नसून रांगेचा नियम लपविणे आणि काहींना रांगेतच उभे राहू न देणे हा अन्याय आहे, असे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

लाल पाकिटातील व्यवहार

नेटफ्लिक्सची स्थापना १९९७ मध्ये झाली आणि १९९८ पासून तिने डीव्हीडी टपालाने पाठविण्यास प्रारंभ केला. १९९९ मध्ये तिने मासिक वर्गणीची पद्धत आणली. उशिरा परत केल्याचा दंड नाही आणि महिन्याला किती चित्रपट पाहावेत यावर मर्यादा नाही, हे या पद्धतीचे आकर्षण होते. ग्राहकाने संकेतस्थळावर आपल्या पसंतीच्या चित्रपटांची यादी करावी, तीन तबकड्या घरी ठेवाव्यात आणि एक परत पाठविली की यादीतील पुढची यावी, असा हा क्रम होता. तबकडी वजनाने हलकी असल्याने ती साध्या पत्रासारखी लाल पाकिटातून जाऊ शके. पुढे देशभर पन्नासहून अधिक वितरण केंद्रे उभी राहिली आणि बहुसंख्य ग्राहकांना एका दिवसात पाकीट मिळू लागले.

या यशातच अडचणीचे बीज होते. वर्गणी ठराविक आणि टपालखर्च मात्र प्रत्येक तबकडीमागे वाढणारा. चित्रपट आला त्याच रात्री पाहून दुसऱ्या दिवशी परत करणारा ग्राहक कंपनीला महाग पडे. पाकीट आठवडाभर दूरचित्रवाणी संचावर ठेवून विसरणारा ग्राहक लाभाचा ठरे. उत्साही रसिक तोट्याचा आणि उदासीन रसिक फायद्याचा, अशी ही विपरीत स्थिती होती. अशा उत्साही ग्राहकांना हळूहळू जाणवू लागले की आपली पाकिटे पूर्वीपेक्षा उशिरा येतात, जवळच्या केंद्राऐवजी दूरच्या केंद्रातून येतात आणि नव्या चित्रपटांसाठी आपणास अधिक थांबावे लागते.

सप्टेंबर २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील न्यायालयात एका ग्राहकाने कंपनीविरुद्ध सामूहिक दावा दाखल केला. ‘अमर्याद’ चित्रपट आणि एका दिवसात वितरण ही जाहिरात फसवी असल्याचा त्याचा आक्षेप होता. जानेवारी २००५ मध्ये कंपनीने आपल्या सेवाशर्ती बदलल्या. अन्य बाबी समान असतील तर ज्यांना कमी तबकड्या मिळतात त्या सभासदांना प्राधान्य दिले जाते, असे त्यात नमूद झाले. त्याच वर्षी तडजोडीचा प्रस्ताव पुढे आला. ग्राहकांना एक महिना वरच्या दर्जाची सेवा विनामूल्य द्यावी, असा तो होता. मात्र महिना संपल्यावर ग्राहकाने स्वतः नकार कळविला नाही तर वाढीव वर्गणी आपोआप सुरू होईल, या योजनेवर फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी यंत्रणेने आक्षेप घेतला आणि तडजोडीत सुधारणा करावी लागली.

या प्रकरणात कंपनीची बाजू सर्वस्वी फेटाळता येत नाही. लोकप्रिय चित्रपटाच्या तबकड्या मर्यादित असतात. ज्याने महिन्यात वीस चित्रपट पाहिले त्याच्याआधी ज्याने दोनच पाहिले त्याला नवा चित्रपट मिळावा, हा नियम न्यायाच्या कसोटीवर टिकू शकतो. पंगतीत दुसऱ्यांदा वाढण्यापूर्वी शेवटच्या पानापर्यंत एकदा वाढावे, हे आपल्याकडील लोकव्यवहारातही मान्य आहे. आक्षेप नियमाला नसून त्याच्या अदृश्यतेला आहे. पंगतीत वाढणारा सर्वांच्या डोळ्यांदेखत वाढतो. येथे वाढणारा पडद्याआड होता आणि पडद्यावर ‘अमर्याद’ असे लिहिलेले होते. थांबणाऱ्यास आपण का थांबलो हे कळत नव्हते. दोष आपल्या टपालवाल्याचा, असेही त्याला वाटू शकत होते.

टपालाचे तत्त्व

या सेवेचा सारा डोलारा टपालखात्यावर उभा होता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. आधुनिक टपालव्यवस्थेचे मूळ तत्त्व वेगाचे नसून समानतेचे आहे. भारतात १८५४ च्या कायद्याने अंतराचा विचार न करता वजनावर आधारित एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा पडे. मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. याचा अर्थ असा की जवळचे पत्र दूरच्या पत्राचा काही भार उचलते आणि शहर डोंगरातल्या पाड्याचा. पत्र उशिरा पोहोचेल, परंतु पत्ता तोट्याचा आहे म्हणून ते मागे ठेवले जाणार नाही, हे टपालाचे वचन होय. व्ही. पी. ने पुस्तके मागविणारा किंवा दिवाळी अंकाची वाट पाहणारा मराठी वाचक या वचनावर विसंबूनच वाढला.

नेटफ्लिक्सच्या व्यवहारात एकाच पाकिटाने दोन नीतींचा प्रवास केला. पाकीट टपालपेटीत पडल्यानंतर त्याला समानतेचा नियम लागू होई. पेटीत पडण्यापूर्वी मात्र त्याचा क्रम ग्राहकाच्या लाभहानीवरून ठरे. पुढे टपालाचाच वेग घटला. २०१४ मध्ये कंपनीने शनिवारचे वितरणकाम थांबविले. ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेच्या टपालखात्याने पहिल्या वर्गाच्या पत्रांची कालमर्यादा तीन दिवसांवरून पाच दिवसांपर्यंत वाढविली. अखेर २९ सप्टेंबर २०२३ रोजी ही सेवा बंद झाली. पाकिटाचा उशीर आता दोन कारणांनी होत होता, पण त्यांतील एकच जाहीर होते. टपालखात्याने आपली नवी कालमर्यादा आधी प्रसिद्ध केली, तिच्यावर सार्वजनिक चर्चा झाली. खाजगी सेवेतील विलंबाचा नियम उजेडात येण्यासाठी न्यायालयात जावे लागले.

नंदुरबार : रिळांच्या डब्यांचा प्रवास

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे नंदुरबार आणि नवापूर ही गावे बाजारपेठेशी जोडली गेली. सातपुड्यातील अक्राणी आणि नर्मदाकाठचा प्रदेश मात्र दूरच राहिला. सरदार सरोवराच्या जलाशयामुळे तेथील काही गावांचा व्यवहार नावेवर अवलंबून आहे.

ज्या वर्षांत अमेरिकेत ‘अमर्याद’ या शब्दावर खटला चालू होता, त्याच सुमारास भारतातही घरपोच डीव्हीडी देणाऱ्या सेवा सुरू झाल्या. बंगळूरची सेव्हंटीएमएम आणि २००८ मधील बिगफ्लिक्स ही त्यांतील ठळक नावे. परंतु त्यांचा वावर मोठ्या शहरांपुरता होता. अमेरिकेतील सेवा टपालावर उभी असल्याने दुर्गम पत्त्यालाही नाकारत नव्हती. भारतीय सेवांनी स्वतःची माणसे व कुरिअर यांवर भिस्त ठेवली आणि त्यामुळे शहराची वेस हीच त्यांची सीमा ठरली. वास्तविक देशातील दीड लाखांहून अधिक टपाल कार्यालयांपैकी सुमारे ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. नंदुरबारला ४२५४१२ हा पिनकोड होता, टपाल होते, प्रेक्षकही होता. सेवेच्या नकाशावर तो पत्ता नव्हता.

त्यापूर्वीची प्रतीक्षा वेगळ्या स्वरूपाची होती. चित्रपटव्यवसायात गावांची अ, ब, क अशी वर्गवारी केली जाई. प्रिंट महाग, म्हणून मोजक्या. मुंबई-पुण्यात खेळ संपले की रिळांचे डबे जिल्ह्याच्या गावी, तेथून तालुक्याला आणि सरतेशेवटी यात्रेतील तंबूच्या चित्रपटगृहात येत. तोवर फितीवर ओरखडे उमटलेले असत आणि जोड दिलेल्या ठिकाणी काही क्षण गळालेले असत. शेवटच्या प्रेक्षकाला चित्रपट उशिरा मिळे आणि तो थोडा कमीही मिळे. ही उतरंड अन्याय्य होती, यात शंका नाही. तथापि ती उघड होती. चित्रपट कोठे चालू आहे, आपला क्रमांक कितवा, हे भिंतीवरील भित्तिपत्रकावरून व चित्रपटगृहाच्या मालकाकडून कळत असे. वाट पाहणाऱ्याला कशाची वाट पाहतो आहोत हे ठाऊक होते.

या प्रतीक्षेला खानदेशी परिसराने दिलेले उत्तरही लक्षणीय आहे. शेजारच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट स्थानिक माणसे घेऊन तयार केला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ च्या माहितीपटाने हा खटाटोप जगापुढे नेला. बाहेरून येणाऱ्या चित्रपटाच्या रांगेत शेवटी उभे राहण्याऐवजी स्वतःची रांग सुरू करणे, असे या प्रयत्नाचे वर्णन करता येईल. अहिराणीतील विनोदी चित्रफितींची परंपराही याच जातकुळीची आहे. नर्मदाकाठी मात्र निराळे चित्र दिसते. आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांच्या ‘अ नर्मदा डायरी’ या १९९५ च्या माहितीपटात विस्थापनाविरुद्धचा तेथील आदिवासींचा लढा चित्रित झाला. या डोंगरांची प्रतिमा जगभर गेली. मात्र पावरी, मावची अशा बोली बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेतील चित्रपट मुख्य वितरणव्यवस्थेच्या यादीत नव्हता. जे यादीतच नाही त्याला उशीर झाला असेही म्हणता येत नाही.

टपालानंतरची रांग

२००५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचविण्याचे तंत्र भारतात आले. प्रिंटच्या वर्गवारीचे कारण त्यामुळे बरेचसे नाहीसे झाले. मुंबईचा शुक्रवार आणि तालुक्याचा शुक्रवार एक होऊ शकला. जानेवारी २०१६ पासून नेटफ्लिक्सही भारतात इंटरनेटद्वारे उपलब्ध झाली. टपालाचा विलंब संपला, असे यावरून वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात विलंबाने जागा बदलली. पूर्वी तो वाटेत होता, आता तो मोबाइलच्या मनोऱ्यापाशी आहे. अक्राणीच्या डोंगरात संदेशवहन मिळण्यासाठी टेकडी चढावी लागते तेथे चित्रपट एका क्षणात उपलब्ध असणे आणि मुळीच नसणे यांत फारसे अंतर उरत नाही.

या संदर्भात नंदुरबारचाच एक प्रसंग उद्बोधक ठरतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकाचे वितरण झाले. एका मोठ्या अंकीय योजनेच्या रांगेत हा जिल्हा अग्रभागी उभा होता. परंतु क्रमांक पहिला मिळाल्याने सोयी पहिल्या मिळतात असे नाही. नोंदणी आणि पोहोच या भिन्न गोष्टी आहेत. पत्ता नोंदवून घेणाऱ्या व्यवस्थेवर त्या पत्त्यापर्यंत जाण्याचे बंधन असेलच असे नाही. टपालावर ते बंधन होते.

दूरसंचार क्षेत्रात अशा बंधनाची जाणीव अगदीच नाही असे नव्हे. दुर्गम भागात सेवा पोहोचविण्यासाठी २००२ मध्ये स्वतंत्र निधीची तरतूद झाली आणि २०२४ मध्ये तो ‘डिजिटल भारत निधी’ या नावाने पुढे आला. शहरातील वापरातून डोंगरातील सुविधेचा भार उचलावा, हे टपालाचे जुने तत्त्वच येथे नव्या रूपात दिसते. मात्र या निधीने मनोरा उभा राहू शकतो. मनोऱ्यावरून येणाऱ्या यादीत कोणती भाषा असावी, हे ठरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून विलंबाचे तीन प्रकार संभवतात. पहिला साधनांच्या मर्यादेतून येणारा व उघड असणारा. रिळांच्या डब्यांचा व टपालाचा विलंब या प्रकारचा होय. दुसरा लाभहानीच्या हिशेबातून येणारा व लपविलेला. नेटफ्लिक्सच्या पाकिटांचा विलंब काही काळ या प्रकारचा होता. तिसऱ्यात सेवाच नसल्याने विलंबाची तक्रारही करता येत नाही. नंदुरबारच्या वाट्याला पहिला व तिसरा प्रकार आला. अमेरिकेतील ग्राहकाने न्यायालयात दाद मागितली ती दुसऱ्या प्रकाराविरुद्ध. दाद मागण्यासाठी त्याच्याजवळ जाहिरात होती, वर्गणीची पावती होती, मोडलेले वचन होते. तिसऱ्या प्रकारात वचनच दिलेले नसल्याने मोडल्याचा पुरावाही नसतो.

म्हणून चित्रपटाच्या समीक्षेने वितरणाचा प्रश्न केवळ व्यवस्थापनशास्त्राकडे सोपवून चालणार नाही. एखादी कलाकृती ‘सर्वांसाठी उपलब्ध’ आहे असे म्हटले जाते तेव्हा त्या ‘सर्वां’मध्ये धडगावचा प्रेक्षक गणला आहे काय, आणि नसल्यास ते कोणी व कोणत्या नियमाने ठरविले, हे विचारणे समीक्षेचे कर्तव्य ठरते. उशीर सोसण्याची सवय या जिल्ह्याला आहे. ज्या रांगेत उभे राहायचे तिचा नियम भिंतीवर वाचता यावा, एवढी अपेक्षा तरी त्याने बाळगणे रास्त होय.