सांतानाचं चर्च आणि 'प्रभाव' नावाची पळवाट

पीएच.डी.चा आराखडा लिहिताना एक वाक्य हमखास येतं: 'गोव्यातील चर्चवास्तूंवर पोर्तुगीज प्रभाव दिसून येतो.' तुमच्या कच्च्या मसुद्यातही असेल, तर आज त्याच्याचबद्दल बोलू. वाक्य खोटं नाही, पण त्यातून काही कळतही नाही. पैसे कुणी दिले, नकाशा कुणी निवडला, 'असंच बांधा' असं कोण म्हणालं, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. तिसवाडीतल्या तळावली गावचं सांताना, म्हणजे मेरीच्या आईचं, संत ॲनचं चर्च घेऊन हे तपासून बघूया.

आधी इमारत. दर्शनी भाग पाच मजली, दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे. बांधकाम चिऱ्याचं, वर चुन्याचा गिलावा आणि पांढरी सफेदी. आत कमानदार छत, शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे, वरच्या अंगाला सज्जे. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटातून माणसाला चालता येतं. एका खेड्याच्या मानाने हे सगळं अवाढव्य आहे. पहिल्यांदा बघणारा विचारतो, एवढं मोठं इथे कशाला? संशोधनाचा प्रश्न म्हणून हा प्रश्न 'प्रभावा'पेक्षा कितीतरी चांगला आहे.

आता काळ बघा. सध्याची वास्तू १६८१ ते १६९५ या वर्षांत उभी राहिली. मराठी वाचकाला ही वर्षं ओळखीची वाटायला हवीत. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुवे तिसवाडीतच आहे. घाबरलेल्या व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला राजदंड ठेवला होता. त्याच व्हाइसरॉयने १६८४ मध्ये कोकणी बोलण्यावर बंदीचा हुकूम काढला. साथींनी पोखरलेली राजधानीही ओस पडू लागली होती. म्हणजे सत्ता धास्तावलेली, तिजोरी खिळखिळी, आणि जवळच्या गावात मात्र हे बांधकाम चालू! 'साम्राज्याने आपलं वैभव दाखवायला बांधलं' हे ठरावीक स्पष्टीकरण इथे टिकत नाही.

मग कुणी बांधलं? काम सुरू करणारे धर्मगुरू फ्रान्सिस्को दो रेगो हे गोमंतकीय होते, ब्राह्मण ख्रिस्ती. १६८९ मध्ये ते वारले आणि काम त्यांच्यामागे पुरं झालं. आपल्या ज्ञातीवरच्या आरोपांना उत्तर देणारा एक प्रबंधही त्यांच्या नावावर सांगितला जातो. युरोपीय धर्मगुरू आणि स्थानिक धर्मगुरू यांच्यात मानाच्या जागांवरून तेव्हा जोरदार झगडा चालू होता. ही बाजू लक्षात घेतली की दर्शनी भागाची उंची वेगळीच दिसायला लागते.

सांतानाबद्दल वाचायला बसलात तर दोन पुस्तकं टाळता येत नाहीत: जोसे परेरा यांचं 'बरोक गोवा' (१९९५) आणि पाउलो वारेला गोमिश यांचं 'व्हाइटवॉश, रेड स्टोन' (२०११). परेरांची नजर विलक्षण आहे. खांब, कमान, मजल्यांची रचना ते अशी उलगडतात की फोटो न बघताही इमारत डोळ्यांपुढे येते. पण त्यांच्या लेखनात शैलीच नायक होते. बरोक जन्मते, वाढते, बहरते. माणसं तिच्या मागे मागे चालतात. गोमिश हे उलटं करतात. ही चर्चं पोर्तुगीजही नाहीत आणि दोहोंची खिचडीही नाहीत, ती गोमंतकीय आहेत, असं ते ठामपणे म्हणतात आणि त्याचं श्रेय स्थानिक ख्रिस्ती उच्चवर्गाला देतात. मला गोमिश जास्त पटतात. तुलना म्हणून १६१६ चं 'ख्रिस्तपुराण' घ्या. लिहिणारा फादर स्टीफन्स इंग्रज, कथा बायबलची, पण आपण त्याला मराठी काव्यच मानतो, कारण ओवीचा घाट आणि ऐकणारे लोक इथले होते. वास्तूच्या बाबतीत हाच न्याय लावायला आपण का कचरतो?

तरी गोमिश यांच्याशी एका जागी भांडायला हवं. 'उच्चवर्गाने घडवलं' म्हटलं की गवंडी, चिरे काढणारे, चुना मळणारे पुन्हा अदृश्य होतात. ओल्ड गोव्यातल्या ऑगस्टिनियनांच्या ग्रासा चर्चशी सांतानाचा दर्शनी भाग जुळतो, असं अभ्यासक सांगतात. ग्रासाचा दर्शनी भाग १९३१ मध्ये कोसळला, आज मनोऱ्याचा तुकडा तेवढा उभा आहे. पण हे साम्य गावापर्यंत पोचलं कसं? कागदावरच्या नकाशातून, धर्मगुरूच्या आठवणीतून, की कामगारांच्या हातातून? तिन्ही उत्तरांसाठी पुरावे वेगवेगळे लागतील. तुमचा प्रबंध इथे सुरू होऊ शकतो.

आणि गाव? १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. गावोगावच्या चर्चच्या खर्चात गावकरीचा, म्हणजे कोमुनिदादचा, वाटा असायचा. ही हकिगत 'संगम' वगैरे गोड शब्दांत गुंडाळू नका. त्यात सक्ती आहे. पण पुढे त्याच गावाने हे चर्च आपलंही केलं. जुलैअखेरीस इथे तवशांचं फेस्त भरतं, मूल व्हावं म्हणून जोडपी काकडी वाहतात. पावसाळ्यातलं पहिलं पीक आणि मुलाचा नवस, यांचा उलगडा दर्शनी भागाच्या रेखाटनातून होत नाही.

म्हणून व्यवहाराचं एक सांगतो. या विषयावर काम करायचं असेल तर कॅमेऱ्याआधी पोर्तुगीज शिका, तीही सतराव्या शतकातली हस्तलिखितं लागतील इतपत. पणजीच्या पुराभिलेखागारात कोमुनिदादांचे कागद आहेत. तिथे बसल्यावर शैली शोधू नका; मजुरी, चुना आणि चिरे यांचे हिशेब शोधा.